पाचशेमुखी परमेश्वर : प्राचीन अथेन्सची न्यायालये कशी चालत

‘पाचामुखी परमेश्वर’ असं आपण म्हणतो. पाच जण एक बोलले की ते देवाचं बोलणं मानावं, असा त्याचा अर्थ. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समध्ये हा आकडा पाचावर थांबत नव्हता. साध्या देण्याघेण्याच्या भांडणाला २०१ माणसं बसत. रक्कम एक हजार द्राख्मांच्या वर गेली की ४०१. साऱ्या शहराचा संबंध असेल असा खटला असला तर ५०१, आणि प्रकरण फारच मोठं असलं तर १००१ किंवा १५०१. त्यांत कायदा शिकलेला एकही न्यायाधीश नसे. शेतकरी, कुंभार, चांभार, लढाया करून म्हातारे झालेले सैनिक असे हे लोक. सकाळी जमायचे, दोन्ही बाजू ऐकायचे, मत टाकायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. निकाल लागला की विषय संपला. वर अपील नाही, कारण या माणसांच्या वर कोणी नव्हतंच.

हे वाचून पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की इतक्या लोकांना कोणी पैसे चारले तर? हा प्रश्न अथेन्सच्या लोकांनाही पडला होता, आणि अनुभवातून पडला होता. इ.स.पू. ४०९ च्या सुमारास अनितोस नावाचा एक सेनापती पायलोसचा किल्ला गमावून परतला. त्याच्यावर खटला झाला आणि तो सुटला. पंचांना लाच देऊन सुटणारा हा पहिला माणूस, असं अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात नोंदवलेलं आहे. हा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसवरून तो १८९१ साली छापला गेला. न्यायालयाचा एक दिवस कसा सुरू होई आणि कसा संपे, याचं बारीकसारीक वर्णन त्याच्या शेवटच्या भागात आहे. ते वाचताना मला सर्वांत जास्त भावतं ते हे, की या लोकांनी सामान्य माणसावर जेवढा विश्वास टाकला, तेवढीच मेहनत त्या विश्वासाला कुंपण घालण्यात घेतली.

पुढे जाण्याआधी ज्युरीचं आपल्या डोक्यातलं चित्र थोडं बाजूला ठेवायला हवं. ज्युरी म्हटलं की मराठी वाचकाला दोन खटले आठवतात, १९०८ चा लोकमान्य टिळकांचा आणि १९५९ चा नानावटींचा. दोन्ही मुंबईतले, दोन्हींत ज्युरी नऊ जणांची. टिळकांपुढे बसलेल्या नऊ जणांत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. ‘केसरी’तले लेख मराठीत, आणि त्यांवर निवाडा द्यायला बसलेले बहुतेक लोक मराठी न जाणणारे. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. बाकावर कोण बसलंय यावर निकाल किती अवलंबून असतो, हे त्या एका खटल्यात लख्ख दिसतं. पण ती ज्युरी इंग्रजी पद्धतीची होती. तिथे माणूस दोषी की निर्दोष एवढंच ज्युरी सांगते. कायदा काय म्हणतो ते न्यायाधीश समजावतो आणि शिक्षाही तोच देतो. अथेन्समध्ये ही वाटणीच नव्हती. तिथल्या माणसाला ‘दिकास्तेस’ म्हणत. कायद्याचा अर्थ, घडलेल्या गोष्टीची खरी-खोटी पारख आणि शिक्षा, तिन्ही त्याच्याच हातात. आपण इथे त्याला पंच म्हणू.

पंच व्हायचं तर अथेन्सचा नागरिक असायला हवं, वयाची तिशी पूर्ण हवी आणि सरकारचं देणं थकलेलं नको. इच्छुकांनी नावं द्यायची आणि चिठ्ठ्या टाकून वर्षाला ६,००० जणांची यादी व्हायची. इ.स.पू. चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिक साधारण ३०,००० होते. म्हणजे पाचांतला एक जण दर वर्षी या यादीत. यादीतला प्रत्येक जण शपथ घ्यायचा : कायद्यांप्रमाणे आणि लोकसभेच्या, म्हणजे साऱ्या नागरिकांच्या सभेच्या, ठरावांप्रमाणे मत देईन, कायदा जिथे गप्प असेल तिथे मला सर्वांत न्याय्य वाटेल तसं देईन, फिर्यादीचं आणि आरोपीचं सारखंच ऐकेन, खटल्याचा जो विषय आहे त्यावरच मत देईन.

दिवसभराचं काम टाकून येणाऱ्याला पोटापाण्याचं काही द्यायला हवं, हे पेरिक्लिस या पुढाऱ्याच्या लक्षात आलं. त्याने पंचांना रोजचा भत्ता सुरू केला. पुढे क्लेऑन या दुसऱ्या पुढाऱ्याच्या काळात तो तीन ओबोल झाला. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस बांधकामावरच्या माणसाला दिवसाला साधारण एक द्राख्मा मिळे. म्हणजे भत्ता अर्ध्या मजुरीचा. धडधाकट माणसाला परवडणार नाही, पण म्हाताऱ्याला किंवा गरिबाला दिवस काढायला पुरेल. पुढच्या शंभर वर्षांत मजुरी वाढत गेली, भत्ता मात्र तीन ओबोलांवरच राहिला. तरी पहाटे रांगा लागत होत्या.

आता खटला सुरू कसा होई ते पाहू. तिथे तपास करणारे पोलीस नव्हते आणि सरकारी वकीलही नव्हता. खासगी भांडण असेल, म्हणजे उसनवारी, जमीन, वारसा, तर ज्याचं नुकसान झालं त्यानेच दावा लावायचा. सार्वजनिक गुन्हा असेल तर ‘ज्याची इच्छा असेल तो’ कुठलाही नागरिक फिर्याद करू शकत असे. ही वाट इ.स.पू. ५९४ च्या सुमारास अथेन्सला नवे कायदे देणाऱ्या सोलोनने मोकळी केली. दुबळ्या माणसावर अन्याय झाला तर त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी उभं राहावं, हा त्यामागचा हेतू. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. अन्याय एकावर झाला तरी तो साऱ्यांचा विषय आहे, हे तिच्यात गृहीत धरलेलं आहे.

अर्थात तिचा गैरवापरही झाला. श्रीमंतांना खटल्याची भीती घालून पैसे उकळणारे लोक निपजले. त्यांना आळा घालायला नियम आला : सार्वजनिक खटल्यात फिर्यादीला एकूण मतांचा पाचवा हिस्सासुद्धा मिळाला नाही, तर त्याला १,००० द्राख्मा दंड, आणि तशा प्रकारचा खटला पुन्हा लावायचा हक्क गेला. हरलात म्हणून दंड नाही. कोणालाच पटणार नाही असा आरोप केलात म्हणून दंड. हा पाचवा हिस्सा लक्षात ठेवा, पुढे सॉक्रेटिसच्या खटल्यात तो कामाला येणार आहे.

चौथ्या शतकात बहुतेक खासगी दावे थेट न्यायालयात जात नसत. आधी ते लवादापुढे जात. वयाच्या साठाव्या वर्षात आलेल्या प्रत्येक नागरिकाने एक वर्ष हे काम करायचं असे. तडजोड झाली तर उत्तम. नाही झाली आणि एखादा पक्ष अडून बसला, तर दोन्हींकडची कागदपत्रं, साक्षी आणि कायद्याची कलमं वेगवेगळ्या बरण्यांत घालून त्यांवर मोहोर लावत. न्यायालयात त्या बरणीतलं तेवढंच दाखवता येई. आयत्या वेळी खिशातून नवा पुरावा काढायची सोय नव्हती.

आणि मग खटल्याचा दिवस. मी सांगतोय ते इ.स.पू. ३३० च्या आसपासचं, कारण वर्णन त्या काळचं मिळतं. व्यवस्था तिथवर एकदम आलेली नव्हती. पाचव्या शतकात पंचांचे गट वर्षभरासाठी ठरलेले असत. कोणत्या गटापुढे आपला खटला जाणार हे आधी कळे, म्हणजे कोणाच्या दारात थैली घेऊन जायचं हेही कळे. अनितोसचं जमलं ते अशा व्यवस्थेत. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला बदल झाला : गट तेच, पण कुठला गट कुठल्या न्यायालयात बसणार ते त्या त्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरे. तेही पुरेसं वाटलं नाही. मग गटच मोडले आणि एकेका माणसाची रोज नव्याने सोडत काढायला सुरुवात झाली.

त्यासाठी प्रत्येक पंचाकडे स्वतःची एक पट्टी असे, ‘पिनाकिऑन’. आधी कांस्याची, पुढे लाकडाची. तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि ग्रीक वर्णमालेतल्या पहिल्या दहा अक्षरांपैकी एक. अथेन्सचे नागरिक दहा गणांत विभागलेले होते, आणि प्रत्येक गणातले पंच पुन्हा या दहा अक्षरांत सारखे वाटलेले. न्यायालयाच्या आवाराला दहा दारं, एकेका गणाला एक. पहाटे आपल्या दाराशी यायचं आणि आपल्या अक्षराच्या पेटीत पट्टी टाकायची.

आत उभं असायचं सोडतीचं यंत्र, ‘क्लेरोतेरिऑन’. प्रत्येक गणाला दोन. दगडाचा एक पुरुषभर उंच फळा डोळ्यांपुढे आणा. त्यावर उभ्या ओळींत बारीक खाचा, पट्टी जेमतेम बसेल एवढ्या. प्रत्येक यंत्रावर पाच उभे स्तंभ, म्हणजे दोन यंत्रांवर दहा, प्रत्येक अक्षराला एक. पेटी हलवून पहिली जी पट्टी निघेल त्या माणसाने आपल्या अक्षराच्या साऱ्या पट्ट्या वरून खाली खाचांत लावायच्या. हे काम रोज वेगळ्या माणसाकडे जावं, कोणाचा हात त्यात बसू नये, म्हणून हीदेखील सोडतच.

फळ्याच्या कडेला एक उभी नळी असे. तिच्यात वरून काळ्या आणि पांढऱ्या गोट्या मिसळून ओतत. जितके पंच हवेत त्यांच्या पाचव्या हिश्शाएवढ्या गोट्या पांढऱ्या. मग खालून एकेक गोटी सोडायची. पहिली पांढरी पडली तर सर्वांत वरच्या आडव्या ओळीतले पाचही जण आजचे पंच. काळी पडली तर ते पाचही घरी. मग दुसरी ओळ, दुसरी गोटी. साऱ्यांच्या डोळ्यांदेखत हे चाले. ज्याची ओळ गेली तो पट्टी घेऊन निघून जाई, आणि त्याला कोणी वगळलं असं म्हणायला जागाच नसे.

निवड झाली तरी कुठे बसायचं ते अजून ठरलेलं नाही. निवडलेल्याने एका भांड्यातून लाकडी ओकफळ उचलायचं. त्यावर कोरलेलं अक्षर म्हणजे त्याचं आजचं न्यायालय. ते अधिकाऱ्याला दाखवायचं. अधिकारी त्याची पट्टी त्याच अक्षराच्या पेटीत टाकतो, म्हणजे माणूस वाट बदलून दुसरीकडे जाऊन बसला तर पट्टी त्याला सापडायची नाही आणि भत्ताही मिळायचा नाही. मग त्याला एक रंगीत काठी मिळते. प्रत्येक न्यायालयाच्या चौकटीला एक रंग दिलेला असतो. काठी त्याच रंगाची. चुकीच्या रंगाची काठी घेऊन आत शिरणारा लगेच ओळखू येतो. शेवटी, सारी न्यायालयं भरल्यावर, कुठल्या न्यायालयात कोणता अधिकारी अध्यक्ष म्हणून बसणार याचीही सोडत निघते. बसल्या जागी आणखी एक सोडत : पाण्याच्या घड्याळावर कोण, मतं मोजायला कोणते चार, भत्ता वाटायला कोणते पाच.

इतक्या सोडती वाचून कोणाला हा अतिरेक वाटेल. मला तो वाटत नाही. सूर्य उगवायच्या वेळी या शहरात एकाही माणसाला माहीत नसे, की आज कोणाचा खटला कोण ऐकणार. लाच द्यायची तर साऱ्या सहा हजारांना द्यावी लागेल. धमकी द्यायची तरी तेच. पंचाला विकत घेणं अशक्य करायचं, तर पंच कोण हेच कोणाला आधी कळू द्यायचं नाही, इतका साधा विचार आहे हा, आणि तो शेवटच्या खाचेपर्यंत नेलेला आहे.

न्यायालयात वेळ मोजायला पाणी असे. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की घटिका भरली. अथेन्सचं घड्याळ याच्या उलट चाले. वरच्या भांड्याच्या तळाशी नळी, तिच्यातून पाणी खालच्या भांड्यात पडत राही, आणि वरचं रिकामं झालं की बोलणं थांबवायचं. नाव ‘क्लेप्सिद्रा’, म्हणजे पाणीचोर. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, सापडलेल्या अशा एका भांड्यात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं आणि ते सहा मिनिटांत रिकामं होतं. पाच हजार द्राख्मांपेक्षा मोठ्या दाव्यात पहिल्या भाषणाला अशी पाच भांडी मिळत, म्हणजे अर्धा तास. लहान दाव्यात त्याच्या निम्मं. कारकून कायदा किंवा साक्ष वाचून दाखवत असला की नळीवर बोट ठेवून पाणी अडवत, कारण तो वेळ बोलणाऱ्याचा नव्हे. सार्वजनिक खटल्याला पूर्ण दिवस मिळे, पण एकच. दुसऱ्या दिवसावर काही जात नसे. रात्र मध्ये आली की थैल्या फिरायला वेळ मिळतो, हे उघड आहे.

बोलायचं स्वतः. एखाद्या नातेवाइकाने किंवा मित्राने पुढे येऊन चार शब्द बोलले तर चाले, पण पैसे घेऊन बोलणारा वकील चालत नसे. म्हणून एक नवा धंदा उभा राहिला, भाषण लिहून देण्याचा. लिहिणारा घरी बसून लिहायचा; गिऱ्हाईक ते पाठ करून स्वतःचंच असल्यासारखं बोलायचं. यात लिसिअसचं नाव मोठं. त्याचे वडील सिराक्यूजहून आलेले, त्यामुळे तो परदेशी रहिवासी, नागरिक नव्हे. इ.स.पू. ४०४ मध्ये ‘तीस जुलमी’, म्हणजे तीस जणांची एक राजवट, सत्तेवर आले, त्यांनी त्याचा ढालींचा कारखाना लुटला आणि भावाला मारलं. त्यानंतर लिसिअस इतरांसाठी भाषणं लिहू लागला. शेतकऱ्यासाठी लिहिलेलं भाषण शेतकऱ्याच्या तोंडी शोभेल असं, भाबड्यासाठी लिहिलेलं भाबडं. प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनिस तर स्वतःच्या खटल्यातूनच घडला. लहानपणी वडील गेले, पालकांनी इस्टेट खाल्ली. विशीत आल्यावर त्याने त्यांच्यावर दावा लावला आणि जिंकला.

न्यायालयात शांतता असेच असं नाही. पंच ओरडत, हसत, ‘खाली उतर’ म्हणत. सॉक्रेटिस आपल्या भाषणात पुन्हा पुन्हा विनवतो, की गोंगाट करू नका. आरोपी मुलाबाळांना घेऊन व्यासपीठावर येत, रडत. कायदा काय म्हणतो हे सांगायला कोणी तज्ज्ञ नसल्याने आपल्या बाजूचा कायदा पक्षकारानेच शोधून आणायचा. नसलेला कायदा आहे म्हणून वाचला, तर शिक्षा मृत्यूची होती.

दोन्ही भाषणं संपली की लगेच मतदान. पंचांनी बाजूला बसून चर्चा करायची पद्धत नव्हती. प्रत्येकाने स्वतःपुरता विचार करायचा. प्रत्येकाला कांस्याच्या दोन चकत्या मिळत. दोन्हींच्या मधून आरपार एक लहान दांडी. एका चकतीची दांडी पोकळ, दुसरीची भरीव. पोकळ म्हणजे फिर्यादीच्या बाजूने, भरीव म्हणजे आरोपीच्या. दांडीची दोन्ही टोकं अंगठा आणि बोट यांच्यात चिमटीत धरली की कुठली कुठली हे शेजाऱ्यालाही दिसत नाही. जे मत द्यायचं ती चकती कांस्याच्या भांड्यात, नको असलेली लाकडाच्या भांड्यात. कांस्याच्या भांड्याला असं झाकण होतं, की एका वेळी एकच चकती आत जावी. मतं समसमान पडली तर आरोपी सुटला.

या चकत्यांवर ‘सार्वजनिक मत’ असे शब्द कोरलेले आढळतात. मताला ग्रीक शब्द ‘प्सेफोस’, मूळ अर्थ गोटा किंवा खडा, कारण जुन्या काळी खडेच टाकत. निवडणुकांच्या निकालाच्या दिवशी टीव्हीवर जे सेफॉलॉजिस्ट बसतात, त्यांचं नाव या खड्यावरूनच आलेलं आहे.

खुनाच्या खटल्यांची तऱ्हा वेगळी आणि जुनी होती. ते आरेओपागस टेकडीवर आणि आणखी चार ठिकाणी चालत. त्यांतली दोन मला विसरता येत नाहीत. फ्रेआत्तो हे समुद्रकाठचं न्यायालय. नकळत झालेल्या हत्येसाठी आधीच हद्दपार असलेल्या माणसावर दुसरा, मुद्दाम केलेल्या खुनाचा आरोप आला, तर त्याला अथेन्सच्या जमिनीवर पाय ठेवायची बंदी. पण त्याचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं. म्हणून तो नावेत उभा राहून बोलायचा आणि न्यायकर्ते किनाऱ्यावर बसून ऐकायचे. दुसरं प्रितानेइऑनपाशी. दगड किंवा लाकूड अंगावर पडून कोणी मेलं, तर त्या निर्जीव वस्तूवर खटला चाले आणि ती देशाच्या सीमेबाहेर टाकत. आज हे विचित्र वाटतं, पण गेलेल्या माणसाची दखल घेतल्याशिवाय प्रकरण मिटवायचं नाही, हा आग्रह त्यात आहे.

राजकारणही याच पंचांपुढे येई. लोकसभेत कोणी बेकायदा ठराव मांडला असं वाटलं, तर तो मांडणाऱ्यावर कोणीही खटला लावू शके. अरिस्तोफोन नावाचा पुढारी सांगत असे, की या आरोपाखाली त्याच्यावर ७५ खटले झाले आणि तो साऱ्यांत सुटला. डेमॉस्थेनिसला सोन्याचा मुकुट देण्याच्या ठरावावरून त्याचा प्रतिस्पर्धी एस्किनिस याने लावलेला असाच खटला इ.स.पू. ३३० मध्ये चालला. एस्किनिसला मतांचा पाचवा हिस्सा मिळाला नाही, आणि तो अथेन्स सोडून गेला.

या साऱ्या दारांपाशी कोण उभं राहू शकत नव्हतं, हे सांगितल्याशिवाय हे वर्णन खोटं ठरेल. स्त्री पंच नव्हती, फिर्यादी नव्हती, स्वतःच्या खटल्यातही ती स्वतः बोलत नसे. तिचा बाप, नवरा किंवा भाऊ बोलायचा. गुलामाची साक्ष पुरावा म्हणून धरायची तर ती छळ करून घेतलेली असावी, असा दंडक होता. मोकळेपणी बोललेला गुलाम विश्वासार्ह नाही आणि यातना दिलेला आहे, हे त्या बुद्धिमान शहराने कायदा म्हणून मान्य केलं होतं. सहा हजारांवर टाकलेला तो विश्वास या माणसांच्या वाट्याला आलाच नाही. याचं मला दुःख होतं, आणि काळ तसा होता म्हणून ते कमी होत नाही.

आता सॉक्रेटिस. इ.स.पू. ३९९, म्हणजे पट्ट्यांची सोडत यायच्या आधीचा काळ. फिर्यादी तीन : मेलेतोस, लिकोन आणि वर आलेला तोच अनितोस. आरोप असे, की हा शहराचे देव मानत नाही, नवे देव आणतो, तरुणांना बिघडवतो. खटल्याचा दिवस तीन भागांत वाटलेला असे : फिर्यादीचा, आरोपीचा, आणि दोषी ठरलाच तर शिक्षा ठरवण्याचा. सॉक्रेटिसने मुलांना व्यासपीठावर आणायचं नाकारलं, रडायचंही नाकारलं. मतं मोजली गेली. आणखी तीस मतं या बाजूला आली असती तर मी सुटलो असतो, असं तो म्हणाल्याचं प्लेटो सांगतो. पंच ५०१ धरले तर हिशोब २८० विरुद्ध २२१ असा बसतो. मग तो लगेच पाचव्या हिश्शाचा हिशोब मांडतो : तीन फिर्यादींना मिळून ही मतं पडली, एकट्या मेलेतोसच्या वाट्याला त्यांतली एक तृतीयांश, म्हणजे त्र्याण्णव. पाचवा हिस्सा शंभराचा. अनितोस आणि लिकोन पाठीशी नसते तर मेलेतोसलाच हजार द्राख्मा भरावे लागले असते.

या गुन्ह्याला शिक्षा आधी ठरलेली नव्हती. अशा वेळी फिर्यादीने एक शिक्षा सुचवायची, दोषी ठरलेल्याने दुसरी, आणि पंचांनी त्या दोनांतली एक निवडायची. मधली काढता येत नसे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बेताचंच मागावं, कारण अवाजवी मागणारा हरतो, हा त्यातला हिशोब. फिर्यादींनी मृत्यू मागितला. सॉक्रेटिसने हद्दपारी सुचवली असती तर ती बहुधा मान्य झाली असती. तो म्हणाला, माझ्या कामाचं बक्षीस म्हणून मला सरकारी खर्चाने जेवण द्या. मग एक मिना दंड बोलला, आणि शेवटी मित्रांनी हमी दिली म्हणून तीस मिना, म्हणजे ३,००० द्राख्मा. दुसऱ्या फेरीत मृत्यूच्या बाजूला आणखी ८० मतं वळली, अशी एक परंपरा सांगते. म्हणजे जे त्याला निर्दोष म्हणाले होते, त्यांतल्याही काहींनी त्याला विष दिलं.

या खटल्यामुळे अथेन्सच्या न्यायालयांना झुंडशाही म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. झुंड २२१ मतं विरुद्ध टाकत नाही. पण पाच वर्षांपूर्वी युद्ध हरलेल्या आणि जुलमी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या शहरात, चर्चा न करता, एका दिवसात, परत फिरण्याची वाट न ठेवता निकाल द्यायचा म्हटला, की असं घडू शकतं. लाच देणारा एकेका माणसाला गाठतो, म्हणून सोडतीने त्याला पुढे अडवता आलं. साऱ्या शहराच्या मनात एकाच वेळी शिरलेला राग मात्र निवडल्या गेलेल्या पंचांबरोबरच दारातून आत येई. तो वेगळा काढेल अशी खाच त्या दगडी फळ्यावर नव्हती.

संध्याकाळी शेवटचं मत टाकताना पंचाला कांस्याचं एक नाणं मिळे, त्यावर तीनचा आकडा. ते दाखवलं की तीन ओबोल हातात, आणि सकाळी पेटीत टाकलेली आपली पट्टी परत. आज अगोरात, जिथे एका काळी न्यायालयाची इमारत होती, तिथेच पुन्हा बांधून उभ्या केलेल्या अत्तालोसच्या स्तोआत, म्हणजे खांबांच्या लांब इमारतीत, ते यंत्र, चकत्या आणि पाण्याचं भांडं पाहायला मिळतं. कांस्याच्या पट्ट्या बऱ्याचशा कबरींत सापडल्या. काहींवर एक नाव ठोकून पुसलेलं आणि त्याच जागी दुसऱ्याचं कोरलेलं दिसतं. एकाची पट्टी पुढे दुसऱ्याकडे गेली आणि त्याच्याबरोबर ती पुरली गेली.